फिक्स्ड गिअर सायकलचा साइज निवडताना या चुका टाळा

फिक्स्ड गिअर सायकलला फ्रीव्हील नसते. मागचे चाक फिरते तोवर पेडल्स फिरतात आणि पेडल्स फिरतात तोवर पायांनाही फिरावेच लागते. हे प्रत्येक नवख्याला ठाऊक असते, पण सायकलचा साइज निवडताना त्याचा विचार करणारे फार थोडे भेटतात. पुढे ४६ आणि मागे १६ दात असलेल्या सायकलवर पेडलच्या एका फेरीत साधारण ६ मीटर अंतर कापले जाते, म्हणजे १० किलोमीटरांत प्रत्येक पाय सुमारे १,६५० वेळा पूर्ण फिरतो. साध्या सायकलवर सीट चुकीच्या उंचीवर असली तरी उतारावर किंवा वळणावर पाय थांबतात आणि गुडघ्याला उसंत मिळते. इथे त्या १,६५० फेऱ्यांतली एकही फेरी चुकत नाही. त्यामुळे ‘थोडी मोठी असली तरी चालेल, सवय होईल’ हा सल्ला इतर सायकलींच्या बाबतीत कसाबसा निभावून जात असला, तरी या सायकलच्या बाबतीत मला तो धोक्याचा वाटतो, आणि तो देणाऱ्यांशी मी गेली अनेक वर्षे वाद घालत आले आहे.

उंचीच्या तक्त्यावर विसंबणे

तक्त्यात उंचीसमोर फ्रेमचा एक आकडा दिलेला असतो आणि नवखा खरेदीदार तिथेच थांबतो. परंतु एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज असू शकतो. एकाचे पाय लांब आणि धड आखूड, तर दुसऱ्याचे नेमके उलटे. पहिल्याला दुसऱ्याची सायकल दिली, तर सीट जुळेल पण हँडल लांब पडेल. म्हणून सर्वांत आधी पायाची आतली लांबी मोजावी. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, दोन पावलांमध्ये साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक जांघेत वरपर्यंत, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या जोराने, धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून तरी मोजून घ्यावे. मी हे माप तीनदा घेते आणि तिन्ही आकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आले तरच मान्य करते. पँटच्या मापावरून सांगितलेला आकडा मी कधीच धरत नाही, कारण तो जवळपास नेहमीच कमी भरतो.

या मापाला ०.८८३ ने गुणले, की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे फ्रेममधल्या ज्या आसावर फिरतात त्या भागाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. टूर द फ्रान्स तीन वेळा (१९८६, १९८९ आणि १९९०) जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. माप ८० सेंटिमीटर असेल, तर सीट सुमारे ७०.६ सेंटिमीटरवर येते. या सूत्रात क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, लांबी धरलेली नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. १७० मिलिमीटरऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक असेल, तर खाली गेलेले पेडल ५ मिलिमीटर वर येते आणि सीटही तेवढीच वर घ्यावी लागते.

५४ चा आकडा सगळीकडे सारखाच मानणे

फ्रेमवर लिहिलेला आकडा बहुधा सीट ट्यूबची, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची, सेंटिमीटरमधली लांबी असतो, पण ती कुठपासून कुठपर्यंत मोजली हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. कोणी बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या) मध्यापर्यंत मोजतो, कोणी सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत. एवढ्यानेच दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. टॉप ट्यूब मागे उतरती असेल, तर हा आकडा आणखी निरुपयोगी होतो. मी सीट ट्यूबच्या आकड्याकडे शेवटी पाहते. आधी पाहते ती टॉप ट्यूबची आडवी लांबी, म्हणजे हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीच्या) माथ्याच्या मध्यापासून जमिनीला समांतर रेषेत सीटपोस्टच्या (सीटच्या दांड्याच्या) मध्यापर्यंतचे अंतर, आणि तिच्याबरोबरच सीट ट्यूबचा कोन.

हा कोन नवखे पूर्णपणे दुर्लक्षित करतात. रस्त्यावरच्या साध्या रोड बाइकची सीट ट्यूब साधारण ७३ अंशांत असते, तर ट्रॅकच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या सायकलच्या, धाटणीच्या फ्रेममध्ये ती ७४ ते ७५ अंशांपर्यंत उभी असते. एका अंशाने सीटपोस्ट सुमारे एक सेंटिमीटर पुढे सरकतो. तेव्हा दोन्ही फ्रेमची टॉप ट्यूब ५५ सेंटिमीटर असली, तरी ७५ अंशांच्या फ्रेमवर सीट आपल्या नेहमीच्या जागी मागे घेतली, की हँडल जवळजवळ दोन सेंटिमीटर लांब गेलेले असते. ‘माझ्या जुन्या सायकलइतकाच आकडा घेतला, तरी पाठ का दुखते?’ असे विचारणाऱ्यांपैकी अनेकांचे उत्तर या एका कोनात सापडते. कंपनीने स्टॅक आणि रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचे उभे आणि आडवे अंतर, हे आकडे दिले असतील, तर त्यांचीच तुलना करावी, कारण ते बॉटम ब्रॅकेटपासून मोजलेले असतात आणि सीट ट्यूबच्या कोनाने बदलत नाहीत.

मोठी फ्रेम घेऊन नंतर जुळवून घेणे

ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे आणि तिचा सर्वाधिक त्रासही याच प्रकारच्या सायकलवर होतो. ओळखीतल्या एका तरुणाने वापरलेली फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकल, घेतली. फ्रेम ५६ ची होती आणि त्याच्या पायाची आतली लांबी ७८ सेंटिमीटर. सायकल चांगल्या स्थितीत होती, रंग त्याच्या मनात भरला होता आणि विकणाऱ्याने ‘सीट खाली घेतली की झाले’ असे सांगून त्याची शंका मिटवली होती. सीट खाली घेता येत होती हे खरे, पण फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर टॉप ट्यूब जांघेत रुतत होती, आणि हँडलपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला पूर्ण वाकावे लागत होते. त्याने सीट तिच्या खालच्या रेलच्या टोकापर्यंत पुढे सरकवली आणि १०० मिलिमीटरच्या जागी ६० मिलिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आडवा दांडा, बसवला. हँडल जवळ आले, मात्र सीट पुढे गेल्यामुळे शरीराचा भार हातांवर आला, गुडघे पेडलच्या पुढे झुकू लागले आणि वळवताना हँडल फारच चटकन फिरू लागले.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे. सीटपोस्ट बराच बाहेर दिसला म्हणजे सायकल शर्यतीची वाटते, या समजुतीने त्याने सीट ७२ सेंटिमीटरवर नेली. सूत्राने त्याची उंची ६९ च्या आत येत होती. सपाट रस्त्यावर तो टाचा उंचावून, कंबर डावी-उजवीकडे हलवत ते निभावून नेत असे. मी त्याला दोनदा टोकले, पण त्याला घाई होती. सीट उतरवणे म्हणजे माघार घेणे, असे त्याला वाटत होते. मग एका लांब उतारावर वेग वाढला. ४६-१६ च्या गिअरवर ताशी ४५ किलोमीटरला पाय मिनिटाला सुमारे १२५ वेळा फिरतात. त्या गतीने प्रत्येक फेरीत खालच्या टोकाला ताणला जाणारा पाय अखेर पेडलच्या पट्ट्यातून निसटला, आणि फिरत राहिलेले पेडल त्याच्या पोटरीवर एकामागून एक आदळत राहिले. पुढचा ब्रेक बसवलेला होता म्हणून तो थांबू शकला. पोटरीचा काळानिळा डाग पंधरा दिवसांत गेला, पण गुडघ्याच्या मागची शीर महिनाभर दुखत होती.

त्या दुखण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या सायकलवर वेग कमी करताना आपण वर येणाऱ्या पेडलला पायाने विरोध करतो. सीट जास्त उंच असेल, तर हा विरोध जिथून सुरू होतो तिथे गुडघा जवळजवळ सरळ झालेला असतो आणि सगळा ताण त्याच्या मागच्या बाजूवर येतो. साध्या सायकलवर हा ताण कधी येतच नाही. म्हणून माझी सवय अशी आहे, की नवख्यासाठी सीट सूत्राने आलेल्या उंचीपेक्षा ५ मिलिमीटर खालीच बसवायची आणि दोन आठवड्यांनंतर, कंबर अजिबात हलत नसेल तर, दोन-दोन मिलिमीटरने वर न्यायची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हावा आणि कंबर मात्र तिरकी होऊ नये. त्या तरुणाने पुढे ती सायकल विकून ५२ ची घेतली आणि ९० मिलिमीटरचा स्टेम ठेवून तो आजही तीच चालवतो. दोन साइजमध्ये अडकलेल्या नवख्याला मी नेहमी लहान साइज सुचवते, कारण लहान फ्रेमला सीटपोस्ट आणि स्टेम वाढवून आकार देता येतो, तर मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही. सीटपोस्ट मात्र किमान किती आत राहायला हवा हे दाखवणारी त्यावरची खूण बाहेर दिसेल इतका वर कधीही काढू नये.

टॉप ट्यूब आणि जांघ यांमध्ये किमान दोन-तीन सेंटिमीटर जागा हवीच. ट्रॅकच्या फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट रोड बाइकपेक्षा उंच असतो, त्यामुळे त्याच आकड्याची फ्रेमही थोडी उंच भरते. ही जागा प्रत्यक्ष उभे राहूनच तपासावी.

पुढचे चाक आणि पायाची बोटे

लहान फ्रेम सुचवते म्हटल्यावर तिचा धोकाही सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण तो मी स्वतः भोगला आहे. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे. पहिली फिक्सी घेताना मी सीटची उंची, टॉप ट्यूब, स्टेम असे सगळे मोजले, पण बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर पाहिले नाही. पहिल्याच आठवड्यात थांबलेल्या अवस्थेतून निघून जागच्या जागी उलट वळताना माझ्या बुटाचे टोक पुढच्या टायरला अडकले. साध्या सायकलवर अशा वेळी पेडल मागे फिरवून पाय सोडवता येतो. इथे सायकल पुढे जात होती म्हणून पेडल पुढेच जात राहिले, पायाने चाक आणखी वळवले आणि मी कोपरावर पडले. वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता, तरी कोपराला चार टाके पडले.

७०० सी चाकाच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो आणि लहानातल्या लहान फ्रेमलाही बहुतेक वेळा हेच चाक लावलेले असते. फ्रेम आखूड होत जाते, चाक मात्र तेवढेच राहते, म्हणून ते पायाजवळ येते. त्यात ट्रॅकच्या धाटणीचा उभा हेड ट्यूब आणि कमी वाकाचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुशाखा) असेल तर अंतर आणखी घटते, आणि पेडलला पट्ट्याचे पिंजरे बसवले की त्यांचे टोकही हिशेबात धरावे लागते. वेगात चाक फारसे वळत नाही, त्यामुळे तेव्हा हा धोका नसतो. तो असतो संथ आणि तीव्र वळणात. खरेदीपूर्वी आपले नेहमीचे बूट घालून सीटवर बसावे, एक क्रँक आडवा पुढे ठेवावा आणि कोणाला तरी सायकल धरायला सांगून हँडल वळवून पाहावे. दोन्ही पायांनी पाहावे. बूट टायरला किंचित लागत असेल, तर १६५ मिलिमीटरचा क्रँक आणि थोडे अरुंद टायर यांनी काम भागते. बूट पार टायरमागे अडकत असेल, तर ती फ्रेम सोडून द्यावी. हे टाळण्यासाठी एक साइज मोठी घेणे हा उपाय नव्हे. ६५० सी, म्हणजे थोड्या लहान, चाकांची किंवा पुढचे अंतर जास्त ठेवलेली लहान फ्रेम शोधावी, मग तिच्यासाठी दोन महिने थांबावे लागले तरी हरकत नाही.

उरलेल्या चुका

जुन्या रोड फ्रेमची फिक्सी करताना त्यावरचा १७० किंवा १७२.५ मिलिमीटरचा क्रँक तसाच ठेवू नये. बॉटम ब्रॅकेट खाली असतो, वळणातही पेडल फिरतच राहते आणि ते जमिनीला घासले तर मागचे चाक उचलले जाते.

हँडलचा प्रकार ठरवल्याशिवाय फ्रेमची लांबी ठरवू नये. सरळ हँडलवर हात जिथे येतात त्यापेक्षा ड्रॉप हँडलच्या पुढच्या वाकावर ते कित्येक सेंटिमीटर पुढे जातात, म्हणून एकासाठी बरोबर असलेली फ्रेम दुसऱ्यासाठी चुकीची ठरते. घेतल्यावर तीन महिन्यांनी हँडल बदलण्याचा बेत असेल, तर तो बेत मोजणीच्या दिवशीच मांडावा.

फोर्कला ब्रेकसाठी छिद्र नसलेली ट्रॅकची फ्रेम नवख्याने रस्त्यावर चालवण्यासाठी घेऊ नये, मग ती कितीही अचूक मापाची असो.

गुडघ्याला पेडल जड वाटले म्हणून लगेच फ्रेमला दोष देऊ नये. कधी कधी साइज बरोबर असतो आणि गिअर जड असतो. ४६-१६ जड वाटल्यास मागे १७ किंवा १८ दातांची कॉग (मागच्या चाकावरची दातेरी चकती) लावून आठवडाभर चालवून पाहावे.

आणि दुकानासमोर दोन मिनिटे सरळ चालवून निर्णय घेऊ नये. मी किमान अर्धा तास मागते. त्यात एक छोटा उतार, पायांनी वेग कमी करत थांबण्याचे पाच-सहा प्रयत्न आणि दोन्ही बाजूंना इंग्रजी आठच्या आकड्यात अगदी संथ फिरणे एवढे तरी झालेच पाहिजे. विक्रेता नकार देत असेल तर दुसरा विक्रेता पाहावा. खाली उतरल्यावर तळहात बधिर झाले असतील तर हँडल लांब किंवा खाली आहे, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर ती उंच आहे. हे सारे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, कारण दुसरी सायकल चालवून पाहीपर्यंत पहिलीची आठवण पुसट होते.