काचेच्या बरणीतला विद्युतदर्शी घरी कसा करावा

विद्युतदर्शी म्हणजे वस्तूवर विद्युत प्रभार आहे का ते दाखवणारं साधं साधन. सोलापुरात स्थितिक विद्युतीचे, म्हणजे घासल्याने वस्तूवर साठणाऱ्या विजेचे, प्रयोग करायला गड्ड्याच्या यात्रेचे दिवस उत्तम. जानेवारीतल्या कोरड्या हवेत प्रभार वस्तूवर टिकतो. पावसाळ्यात मात्र वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. उन्हाळ्यात करणार असाल, तर खोलीतला कूलर तासभर आधी बंद करा.

साहित्य घरातलंच: काचेची बरणी, वीतभर तांब्याची तार, पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल, थर्माकोल, हातभर पीव्हीसी पाइप आणि लोकरी मफलर.

१. बरणी साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा.

२. तारेवर प्लास्टिक किंवा वार्निश असेल तर खरवडून काढा. तार थर्माकोलच्या बुचातून आरपार घाला आणि खालच्या टोकाला आकडा करा. बुचाऐवजी पुठ्ठा नको, तो ओलावा धरतो.

३. फॉइलच्या ४ सेंमी लांब, अर्धा सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या कापा. नखाने सपाट करून, वर भोक पाडून आकड्यात शेजारी शेजारी अडकवा. त्या सैल हलल्या पाहिजेत. सगळं यश इथेच आहे.

४. तारेच्या वरच्या टोकाला फॉइलचा घट्ट गोळा बसवा आणि बूच लावा.

आता पाइप मफलरने जोरात घासा. लोकरीतले इलेक्ट्रॉन (ऋणप्रभाराचे सूक्ष्म कण) पाइपवर येतात, पाइप ऋणप्रभारित होतो. तो गोळ्याजवळ न्या, पण टेकवू नका. पट्ट्या फाकतात! पाइपच्या विद्युतक्षेत्रामुळे (प्रभाराचा परिणाम जिथे जाणवतो त्या भागामुळे) तारेतले इलेक्ट्रॉन खाली ढकलले जातात आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच ऋण होऊन एकमेकींना दूर सारतात. पाइप हळूहळू मागे घेतलात, की क्षेत्र कसं विरळ होत जातं ते पट्ट्यांवरूनच दिसतं. अंतर दुप्पट झालं की बल चौथा हिस्सा उरतं, हा कूलॉमचा १७८५ चा नियम बिंदूएवढ्या प्रभारांसाठी आहे. लांब पाइपकडून तंतोतंत तसं मोजमाप मिळणार नाही.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. पाइप जवळच धरून गोळ्याला बोट लावा. इलेक्ट्रॉन अंगातून जमिनीकडे जातात, पट्ट्या मिटतात. आधी बोट काढा, मग पाइप. क्रम चुकला तर हाती काही लागत नाही. बरोबर जमलं तर पट्ट्या पुन्हा फाकतात, पण आता त्यांच्यावर धनप्रभार असतो. खात्री करायला घासलेला पाइप लांबून सावकाश जवळ आणा: पट्ट्या मिटू लागतील. घाईने अगदी जवळ नेलात तर मिटून पुन्हा फाकतील आणि गोंधळ उडेल.

विद्युतदर्शीला घरातल्या प्लगची वीज कधीही जोडू नका.

पट्ट्या फाकलेल्या असताना हातात धरलेली किल्ली गोळ्याला टेकवा. त्या लगेच मिटतात. प्लास्टिकच्या पट्टीने मिटत नाहीत. सोलापुरी चादरीचा सुती धागा वापरलात तर हळूहळू मिटतात आणि तोच धागा ओला केला की झटकन. सूतगिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवतात, त्यामागचं एक कारण हेच: ओलावा धरलेल्या सुतावर प्रभार साठत नाही, तंतू विस्कटत नाहीत.