थेट विक्रीत भाव दुप्पट, तरी गल्ला रिकामा का?

शेतातली भाजी स्वतः विकली की व्यापाऱ्याकडून मिळतो त्याच्या दुप्पट भाव स्टॉलवर मिळतो, माल संपतोही, आणि तरी महिनाअखेर हातात काही राहत नाही. अशा वेळी बहुतेक जण भाव वाढवायला नाहीतर गिऱ्हाईक वाढवायला धावतात. त्याआधी वही उघडा. पिकवणं आणि विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत. दोघांचे पैसे एकाच गल्ल्यात पडतात, म्हणून कोण कोणाला पोसतंय ते कळत नाही.

आधी स्वतःलाच माल विका

वहीत दोन पानं करा, एक शेताचं आणि एक स्टॉलचं. स्टॉलवर न्यायचा माल निघण्याआधी तोला आणि त्या दिवशीच्या ठोक भावाने शेताने तो स्टॉलला विकला असं लिहा. ठोक भाव म्हणजे दलाली आणि वाहतूक वजा जाऊन शेताच्या बांधावर जो पडतो तो. स्टॉलच्या पानावर आलेली रोकड लिहा. तिच्यातून मालाची ही किंमत वजा करा, मग फेरीचा खर्च वजा करा: इंधन, जागाभाडं, पिशव्या, चहापाणी. जे उरतं ती विकण्याची मजुरी. पिकवण्याचा नफा शेताच्या पानावर आधीच लागलेला असतो, तो इथे पुन्हा मोजायचा नाही.

भाव रोज हलतो, म्हणून हा हिशेब ठोक भावाच्या किलोत मांडला की ताडून बघायला सोपा जातो. समजा 100 किलो माल नेला आणि किरकोळ भाव ठोकच्या बरोबर दुप्पट आहे. त्यातला 75 किलो विकला, 10 किलो तुटीत गेला, 15 किलो उरून परत आला. 75 किलोची रोकड म्हणजे ठोक भावाने 150 किलोचे पैसे. त्यातून मालाचे 100 गेले. फेरीचा खर्च 20 किलोच्या किमतीएवढा धरा. उरले 30.

आता तास मोजा, आणि इथे घरच्या माणसांचे तासही धरायचे. तोडणीला दोघांचे तीन-तीन तास म्हणजे 6. धुणं, निवडणं, जुड्या बांधणं दोघांचे दोन-दोन, म्हणजे 4. जाणं-येणं दीड, मांडामांड आणि आवराआवर 1, प्रत्यक्ष विक्री 4, परतल्यावर क्रेट धुणं आणि पैसे जुळवणं 1. एकूण साडेसतरा. व्यापाऱ्याला दिला असता तरी तोडणी करावीच लागली असती, म्हणून ते 6 सोडा. थेट विक्रीमुळे वाढलेले तास साडेअकरा. 30 ला साडेअकराने भागलं की तासाला 2.6 किलो पडतात. मजुराचा तासाचा दर 4 किलोच्या किमतीएवढा असेल, तर दुप्पट भावाने विकूनही तुम्ही मजुरापेक्षा स्वस्तात राबला.

ते 25 किलो कुठे गेले?

10 किलोची तूट ही चोरी नव्हे, त्यातला जवळजवळ अर्धा भाग तराजूवरचा उदारपणा आहे. अर्धा किलोच्या मापाने 75 किलो विकायला 150 वेळा तोलावं लागतं. दर वेळी 30 ग्रॅमचं झुकतं माप दिलं तर साडेचार किलो तिथेच गेले. गिऱ्हाईकाला काही द्यायचंच असेल तर तोलून झाल्यावर एक नग वर टाका. तो त्याला दिसतो, तराजूतले 30 ग्रॅम दिसत नाहीत. उरलेली तूट सुकण्यात आणि पिवळी पानं खुडण्यात जाते. पालेभाजी नगावर विका, पण सकाळी पहिल्या दहा जुड्या तोलून बघा. बांधणारा बदलला की जुडी 200 ग्रॅमवरून 280 वर कधी गेली ते कळत नाही.

जुडी बांधायला लागणारा वेळही घड्याळ लावून बघा. साठ जुड्या दोन-दोन मिनिटांनी दोन तास खातात. कमरेइतक्या उंचीचं टेबल, आधीच कापून ठेवलेल्या दोऱ्या किंवा रबर, आणि डावीकडे माल, उजवीकडे क्रेट, एवढ्यानेच वेळ अर्ध्यावर येऊ शकतो. जमिनीवर उकिडवं बसून हे काम वेगाने होत नाही.

15 किलो उरले त्याचं कारण मात्र स्टॉलवर नसतं, ते पेरणीत असतं. आधी हे बघा की 20 टक्के माल न विकता गेला तर विकलेल्या प्रत्येक किलोवरचा खर्च 25 टक्क्यांनी चढतो, आणि 30 टक्के गेला तर जवळजवळ 43 टक्क्यांनी. म्हणून चार आठवडे एकच नोंद काटेकोर ठेवा: प्रत्येक भाजी किती नेली, किती परत आली आणि किती वाजता संपली. लवकर संपलेल्या भाजीची वेळ लिहिली नाही तर ती किती कमी पडली ते कळायला मार्ग नाही. पुढच्या खेपेला त्या नोंदीतल्या सरासरी विक्रीवर 10 टक्के जास्त न्या, त्यापुढे नाही.

पेरणी याच आकड्यावरून उलटी मोजा. आठवड्याला 50 घरांना पाव-पाव किलो पालक लागतो म्हणजे साडेबारा किलो, खराबा धरून 15. चौरस मीटरला एक किलो निघतो असं धरलं तर दर आठवड्याला 15 चौरस मीटरचा एकच वाफा पेरायचा. सगळं रान एकदम पेरलं की तीन आठवडे मालाचा ढीग आणि नंतर महिनाभर रिकामं टेबल. गिऱ्हाईक त्या रिकाम्या महिन्यात तुटतं.

भाव पाडण्याआधी

संध्याकाळी उरलं की निम्म्या भावात देऊन टाकायची सवय घातक. नेहमीची गिऱ्हाइकं महिन्याभरात संध्याकाळीच यायला लागतात. त्याऐवजी सकाळीच प्रतवारी करा आणि डागी, वाकडा, बारीक माल वेगळ्या क्रेटमध्ये कमी भावाने पहिल्यापासून ठेवा. उरेल त्यासाठी एखादी खानावळ किंवा लोणचं-चटणी करणारं घर आधीच ठरवून ठेवा. ठोकपेक्षा थोडा कमी भाव चालेल, पण निघायच्या तासभर आधी फोन करून किलो सांगायचे. परत आणलेला माल दुसऱ्या दिवशी ताज्या मालात मिसळायचा नाही. एक शिळी जुडी अख्ख्या टेबलाचं नाव घालवते.

सवलतीचं गणितही एकदा कागदावर करा. 100 ला विकता आणि त्यात माल, पिशवी, नासधूस मिळून 60 जातात, तर हाती 40. दहा टक्के सूट दिली की हाती 30. पूर्वीइतकेच पैसे उरायला आता एक तृतीयांश माल जास्त खपला पाहिजे, आणि तो तोडायचा, धुवायचा, वाहायचाही तुम्हालाच.

भावाची पाटी लावाच. भाव विचारायला संकोच वाटणारा माणूस नुसता पुढे निघून जातो आणि तो वहीत कुठेच दिसत नाही.

नासधूस

पहाटे तोडा, लगेच सावलीत घ्या. तोडलेला मालही श्वास घेतो; तो जितका गरम तितका श्वास जोरात चालतो आणि माल लवकर खराब होतो. 10 अंशांनी तापमान चढलं की श्वासाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. ओलं गोणपाट पालेभाजीला चांगलं, पण कोरड्या, वाऱ्याच्या हवेतच. दमट हवेत पाणी उडत नाही, गारवा येत नाही आणि दाबून भरलेल्या ओल्या जुड्या मधून सडतात. शीतपेटी असेल तरी सगळं एकत्र कोंबू नका. पालेभाजी 0 ते 4 अंशांत टिकते, टोमॅटो, काकडी आणि वांगी 10 च्या खाली गेली की बिघडतात: टोमॅटोची चव जाते, काकडीवर खड्डे पडतात. शिवाय पिकलेल्या टोमॅटोतून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते. गाडीतही हे दोन क्रेट वेगळ्या टोकांना ठेवा.

घरपोच आणि वर्गणी

घरपोच देणं स्टॉलपेक्षा स्वस्त असतं हा गैरसमज आहे. वीस घरं, दारात सहा मिनिटं, म्हणजे गाडी चालवण्याआधीच दोन तास. एका भागाला आठवड्यातला एकच वार द्या, किमान ऑर्डर ठरवा, आणि दहा घरांमागे एक उतरवण्याची जागा मिळाली तर सगळ्यांचे भाजीचे डबे तिथेच ठेवा. चार आठवड्यांची वर्गणी आगाऊ घेतली की उधारीही जाते आणि किती तोडायचं ते आदल्या रात्रीच कळतं. डब्यात सात-आठ वाण पुरेत. बारा घातले की भाज्या घरी पडून राहतात आणि दुसऱ्या महिन्यात वर्गणी बंद होते. गिऱ्हाईकाला एखाद्या आठवड्याची सुट्टी हवी असेल तर दोन दिवस आधी कळवायचं, नंतर डबा निघणारच, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या.

दोन महिन्यांनी आकडे पुन्हा मांडा. वरच्याच फेरीत तूट 5 किलो आणि शिल्लक 5 किलो झाली तर 90 किलोची विक्री होते: 180 वजा 100 वजा 20, उरले 60. धुणं, निवडणं, जुड्या बांधणं यांच्या 4 तासांतले दोन वाचले असतील तर साडेनऊ तासांत तासाला 6.3 किलो. भाव तोच, गिऱ्हाईकही फारसं वाढलेलं नाही.

एवढं करूनही एखादी भाजी मजुरीच्या खाली राहत असेल तर बहुधा ती तोडायला हळू असते. तासाला आठ किलो निघणाऱ्या शेंगा आणि तासाला दीडशे किलो उचलला जाणारा भोपळा यांचा भाव एकाच पटीत लावून चालत नाही. शेंगांचा भाव चढवा. गिऱ्हाईक घेत नसेल तर पुढच्या हंगामात तो वाफा दुसऱ्या भाजीला द्या.