मोठ्यांचा डायपर निवडताना: आधी माप, मग पाकीट

मी रुग्णसेविका आहे. घरोघर जाऊन वयस्कर आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करते. नव्या घरी गेले की पिशवीतून आधी मापाची टेप काढते. घरच्यांची तक्रार बहुतेक एकच असते, डायपर कमी पडतो. रात्री चादर ओली होते, म्हणून आणखी जाड, आणखी मोठा हवा. मग मी त्यांना काढलेला डायपर उघडून दाखवते. कितीदा तरी त्याचा मागचा भाग कोरडा ठणठणीत असतो. शोषायची ताकद शिल्लक होती, पण लघवी तिथवर पोचलीच नाही. मांडीजवळच्या फटीतून आधीच बाहेर गेली. अशा वेळी जाड डायपर आणून काही उपयोग नसतो, माप बदलावं लागतं.

दोन मापं घ्यायची. कमरेचा घेर बेंबीच्या जरा खाली, जिथे डायपरची वरची कड बसणार तिथे. सीटचा घेर जिथे शरीर सगळ्यात भरलेलं आहे तिथे. दोन्हींपैकी जो आकडा मोठा, तो धरायचा. माणूस झोपूनच असेल तर कुशीवर वळवून टेप खालून सरकवून घ्या. ज्यांचा दिवस खुर्चीत जातो त्यांचं माप बसवूनही घ्या, कारण बसल्यावर पोट पुढे येतं आणि उभ्याने नीट बसलेला डायपर तिथे काचतो. पाकिटावरच्या एम, एल या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा निघू शकतो, म्हणून शेजारी छापलेला सेंटीमीटरचा किंवा इंचाचा आकडा बघा. नुसत्या वजनावरून साइज ठरवणंही मला पटत नाही. सारख्याच वजनाची दोन माणसं, एकाचं पोट सुटलेलं आणि पाय काटकुळे, दुसऱ्याचं सगळं वजन मांड्यांत. दोघांना एकच डायपर कसा बसेल?

मी ज्यांच्याकडे जाते त्यातल्या एका आजोबांनी आयुष्यभर शिवणकाम केलं. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली आणि मांडीचा घेरही मोजायला लावला. कमरेला बोटभर ढिलं चालेल, मांडीला फट नको, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी खरं आहे. पाय बारीक असतील आणि माप दोन साइजच्या मधोमध येत असेल, तर लहान साइज आधी लावून बघा. घातल्यावर कमरेशी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत आणि मांडीभोवतीची चुणी त्वचेला टेकलेली, पण न रुतलेली दिसली पाहिजे.

माप झालं की किती गळतं ते बघायचं. अंदाज नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. कोरा डायपर ठेवून आकडा लिहा, काढलेला पिशवीत बांधून पुन्हा ठेवा. फरक जितके ग्रॅम, जवळपास तितकी मिलीलिटर लघवी. हे दोन-तीन दिवस, दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं असं लिहून ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. निरोगी प्रौढाला २४ तासांत साधारण ८०० मिलीलिटर ते २ लिटर लघवी होते, आणि भरलेलं मूत्राशय एका दमात ३०० ते ४०० मिलीलिटर रिकामं करू शकतं. एखाद्या बाईला खोकताना, हसताना थोडीशी सुटत असेल, तर तिला डायपर लागतच नाही. लघवीसाठी बनवलेलं पॅड आणि अंगासरशी बसणारी निकर पुरते. मासिक पाळीचं पॅड मात्र या कामाचं नाही, ते दाट आणि हळू येणाऱ्या स्रावासाठी असतं. लघवी एकदम येते. बाथरूमपर्यंत पोचण्याआधीच सगळी सुटणाऱ्याला भरभर शोषणारा डायपर हवा. सतत थेंब थेंब गळत असेल आणि पोट तरीही भरल्यासारखं वाटत असेल, तर आधी डॉक्टर, मग डायपर. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसल्याचं ते लक्षण असू शकतं.

पाकिटावर मिलीलिटरचा आकडा असेल तर तो जपून वाचा. आयएसओ ११९४८-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत अख्खा डायपर द्रवात बुडवून, निथळवून, तो किती धरतो ते मोजतात. अंगावर असताना तसं होत नाही. लघवी एकाच जागी येते, वर बसलेल्या माणसाचा भार असतो, आणि छापलेल्या आकड्याच्या कितीतरी आधी बदलायची वेळ येते. एकाच कंपनीच्या दोन डायपरांची तुलना करायला तो आकडा बरा, त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

त्यापेक्षा एक डायपर खर्ची घालून घरी बघा. आतले शुभ्र दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे असतात. ते पाणी ओढून फुगतात आणि जेलीसारखे होतात. साध्या पाण्यात ते आपल्या वजनाच्या शेकडो पट फुगतात, पण क्षार असलेल्या पाण्यात ही ताकद खूपच कमी होते, आणि लघवीत क्षार असतात. म्हणून साध्या पाण्याची चाचणी फसवते. अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवा. डायपर पसरा आणि जिथे लघवी येणार तिथे त्यातलं ३०० मिलीलिटर एका दमात ओता. तळं साचून कडेकडे धावतं की लगेच आत जातं, ते बघा. पाच-दहा मिनिटांनी त्याच जागी कोरडा रुमाल ठेवून तळहाताने चांगला दाबा. रुमाल ओला झाला तर तीच ओल दिवसभर त्वचेला लागणार. या एका रुमालाने मी कितीतरी महागडे डायपर बाद केलेत.

आता प्रकार. चालतं-फिरतं माणूस असेल तर पँटसारखा चढवायचा डायपर सोयीचा. बाथरूमला जाताना खाली करता येतो, कपड्यांतून उठून दिसत नाही, आणि घालणाऱ्यालाही आपण नेहमीचीच निकर घातल्यासारखं वाटतं. मनाला त्याने किती फरक पडतो हे मी रोज बघते. त्याची अडचण बाहेर गेल्यावर कळते. काढताना दोन्ही बाजू फाडता येतात, पण नवा चढवायचा तर सलवार किंवा पँट, बरेचदा चपला-बूटही, पूर्ण काढावे लागतात. ओल्या फरशीच्या अरुंद संडासात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. टेपचा, म्हणजे दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्यांनी लावायचा डायपर मात्र पँट गुडघ्यापर्यंत सरकवून, भिंतीला टेकून बदलता येतो. म्हणून घरात पँटचा आणि लांबच्या प्रवासात टेपचा, असं ठेवणारी माणसं मला शहाणी वाटतात. झोपून असलेल्याला टेपचाच. पुन्हा उघडून चिकटणारी टेप बघा, म्हणजे तपासायला उघडला तरी वाया जात नाही. पुरुषांना थोडंच गळत असेल, जसं प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना काही काळ होतं, तर निकरच्या पुढच्या भागात चिकटवायचं खोलगट पॅड मिळतं. त्यांना थेट डायपर देऊ नका.

दिवसा आणि रात्री एकच डायपर वापरण्याचा हट्टही सोडा. दिवसा पातळ घेऊन लवकर बदललेला चांगला. जाड डायपर पायांच्या मध्ये येतो, चाल फेंगडी होते, आणि घरातल्या घरात फिरणारं माणूस बसून राहायला लागतं. रात्री झोपमोड नको म्हणून जास्त शोषणारा. एकावर एक दोन डायपर चढवल्याने काही होत नाही, कारण आतल्या डायपरचं बाहेरचं आवरण पाणी पुढे जाऊच देत नाही. जास्तीची सोय हवी तर मागे प्लॅस्टिक नसलेलं, भरलं की पुढे झिरपू देणारं जोडपॅड मिळतं, ते आत ठेवावं.

बाहेरचं आवरण हातात घेऊन चोळून बघा. चुरचुर वाजणारं प्लॅस्टिक असेल तर चारचौघांत त्या आवाजाने माणूस अवघडतं, शिवाय आत घाम धरतो. कापडासारखं, हवा खेळती ठेवणारं आवरण रोजच्या वापराला केव्हाही बरं. सुगंधी डायपर मी घेऊ देत नाही. त्या वासाच्या द्रव्यांनी काहींना खाज सुटते, आणि वेळेवर बदलला तर वास येत नाही. काही डायपरांवर बाहेरून पिवळी रेघ असते, ओलीने ती निळी किंवा हिरवट होते, ती अंथरुणातल्या माणसासाठी उपयोगी. रात्री उठवून, उघडून बघावं लागत नाही.

लावायची पद्धत चुकली तर चांगला डायपरही गळतो. टेपचा डायपर उघडल्यावर लांबीत दुमडून दोन्ही हातांनी एकदा ताणते मी. त्याने मध्ये पन्हळ तयार होते आणि आतल्या दोन झालरी उभ्या राहतात. या झालरी म्हणजे बांधच. त्या आत मुडपून राहिल्या की लघवी थेट मांडीवर येते, म्हणून लावून झाल्यावर जांघेतून बोट फिरवून त्या बाहेरच्या बाजूला मोकळ्या करायच्या. बाईला लावताना पुढून मागे सरकवायचा, म्हणजे मागची घाण पुढे येत नाही. पुरुषाचं लिंग खाली वळवून ठेवायचं. वर राहिलं तर लघवी पोटाकडून बाहेर येते, आणि कुशीवर झोपणाऱ्यांची चादर नेमकी तशीच भिजते. टेप लावताना आधी खालच्या दोन, जरा वरच्या दिशेला तिरक्या, मांडी आवळून घेण्यासाठी. मग वरच्या दोन, जरा खाली तिरक्या, कमरेसाठी.

त्वचेबद्दल मी घरच्यांशी जरा कडक बोलते. लघवीतल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो, त्वचेचा नैसर्गिक आम्लपणा जातो आणि ती कमकुवत होते. त्यात शौच लागलं तर त्यातली पाचक द्रव्यं त्वचा अक्षरशः खातात. म्हणून शी झाली की लगेच बदलायचं, ‘आत्ताच तर लावला’ हा हिशेब तिथे चालत नाही. नुसती लघवी असेल तर रेघ, वजन आणि स्पर्श बघून, पण तासन्‌तास ठेवायचा नाही. साध्या साबणाने घासू नका, तो अल्कधर्मी असतो; कोमट पाणी किंवा सौम्य क्लीन्झर, मऊ कापड आणि टिपून कोरडं करणं पुरे. नंतर झिंक ऑक्साइडचं किंवा पेट्रोलियम जेलीचं मलम अगदी पातळ. थर जाड झाला तर तो डायपरच्या पृष्ठभागाला लागून शोषणंच मंदावतं. पावडर नको, ती घड्यांत ओली होऊन गोळे धरते. लालीच्या कडेने बारीक लाल पुटकुळ्या दिसल्या, किंवा त्वचा सोलवटली, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि कृपा करून पाणी तोडू नका. डायपर कमी भरावा म्हणून आजीला संध्याकाळनंतर घोटभरही पाणी न देणारी घरं मी पाहते, तेव्हा मला राहवत नाही. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला जास्त टोचते, बद्धकोष्ठ होतो, आणि त्या दाबाने गळती उलट वाढते. झोपण्याआधीचे एक-दोन तास कमी प्यावं, दिवसभराचं मात्र पूर्ण द्यावं. गळती अचानक सुरू झाली, जळजळ किंवा ताप असला, लघवीत रक्त दिसलं, तर डायपरच्या दुकानाआधी दवाखाना. मूत्रमार्गाचा संसर्ग, वाढलेली साखर, प्रोस्टेट, लघवी वाढवणारी गोळी, कारण काहीही असू शकतं, आणि त्यातल्या पुष्कळांवर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केल्यावर पॅडही सुटलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत.

मोठं पाकीट लगेच घेऊ नका. दोन-तीन प्रकारांची लहान पाकिटं आणा, घरीच असाल अशा दिवशी घालून उठा, बसा, वाका, जिना चढा. घालणारं माणूस दुसरं असेल तर निवड त्याला करू द्या, कुठे टोचतं ते त्यालाच विचारा. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या जांघा आणि कंबर डायपर काढल्यावर उजेडात बघा. चुणीच्या फिकट खुणा थोड्या वेळात गेल्या तर माप बरोबर. तासाभरानेही लाल वळ दिसत असेल तर साइज किंवा कंपनी बदला. आणि लाल जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती क्षणभरही पांढरी होत नसेल, तर तिथे दाब पडून जखम व्हायला लागली असू शकते. त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.