सोयाबीन कापले त्याच दिवशी हरभऱ्याची ओल सांभाळा

हस्त नक्षत्र सरत आले. सोलापूर, बार्शी, धाराशिव, लातूर आणि बीडच्या खालच्या पट्ट्यात पुढचा आठवडा कोरडा. आकाश निरभ्र, दुपारचा पारा 34 ते 36 अंशांवर, आठवडा संपता संपता ईशान्येकडचा कोरडा वारा. मोसमी पाऊस राज्यातून निघायची वेळच ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. तेव्हा ‘पुढच्या चित्रा नक्षत्रात एखादी सर येईलच’ या भरवशावर कोरडवाहू रब्बी पेरू नका. आली तर आपली.

या उन्हाची तक्रार कोणी करत नाही, कारण सोयाबीन वाळायला ते बरेच. घोटाळा तिथेच होतो. सोयाबीन कापायचे, बनीम (गंजी) लावायची, मग मळणीयंत्राची वाट बघायची, मग मोंढ्यात भाव बघायचा, पैसे हातात आले की हरभऱ्याचे बी आणायचे. तोवर दहा-बारा दिवस रान उघडे. उभ्या पिकाची सावली गेली की काळी जमीन दोन दिवसांत वरून पांढरी पडते, चौथ्या-पाचव्या दिवशी भेगा दिसतात आणि त्या भेगांतून खालची ओलही उडते. मग विरळ उगवणीचे खापर बियाण्यावर फुटते. बियाणे बहुतेक वेळा चांगलेच असते हो, त्याला ओल मिळालेली नसते.

म्हणून कामाचा क्रम उलटा करा. कापलेले सोयाबीन त्याच दिवशी धुऱ्यावर (बांधावर) न्या, बनीम लावून झाका, मळणी आठ दिवसांनी झाली तरी चालेल. रान मोकळे झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी पाभर (बैलांचे पेरणीचे अवजार) किंवा पेरणीयंत्र शेतात हवे. ट्रॅक्टरवाल्याला आजच सांगून ठेवा. कापणी संपल्यावर फोन केला तर तुमचा नंबर पुढच्या आठवड्यात लागेल.

पेरायचे की नाही हे हाताने ठरवा. चार इंच खोलीवरची माती मुठीत दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा होऊन पडल्यावर फुटला तर वाफसा (पेरणीजोगी ओल) आहे, लगेच पेरा. चिखलासारखा चपटला तर एक दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर त्या थरात बी टाकू नका. माझा आडाखा आणखी सोपा आहे: भेगेत करंगळी जायला लागली की त्या रानात कोरडवाहू हरभऱ्याची वेळ टळली. कुठल्या पुस्तकात हे नाही, पण आमच्याकडच्या भारी जमिनीत सहसा चुकत नाही.

नांगर नको. दोनदा रोटाव्हेटर तर मुळीच नको. भुसभुशीत रान डोळ्याला छान दिसते, पण सहा इंचांची ओल एका दुपारीत जाते. वखराची एक हलकी पाळी पुरे, तीही सकाळी. तण नसेल तर तीही वगळा आणि सोयाबीनच्या धसकटातच (कापणीनंतरच्या बुडख्यांतच) पेरा. बी ओलीत पडले पाहिजे, म्हणजे कोरडवाहूला 8 ते 10 सेंटिमीटर खोल. पाभरीमागे लगेच फळी फिरवा, दुपारपर्यंत ठेवू नका.

हरभरा (कोरडवाहू), एकरी:
- बियाणे: विजय वाण 26 ते 28 किलो, टपोऱ्या दाण्याचा दिग्विजय वाण 40 किलो
- अंतर 30 × 10 सेंटिमीटर
- बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी मित्रबुरशी) 5 ग्रॅम प्रति किलो, मग रायझोबियम व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) ही जिवाणू खते प्रत्येकी 250 ग्रॅम प्रति 10 किलो, सावलीत वाळवा
- डीएपी खत एक बॅग, दोन चाड्यांच्या (एकातून खत, एकातून बी सोडायच्या) पाभरीने बियाखाली

ट्रायकोडर्मा टाळू नका. जमीन तापलेली, त्यात न कुजलेले धसकट आणि ओल, म्हणजे मानकुजव्याला (रोपाची मान कुजवणाऱ्या रोगाला) आयतेच. घरचे बी असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 85 उगवले की नव्या पिशवीचा खर्च वाचला.

रब्बी ज्वारी 15 ऑक्टोबरच्या आत उरका. एकरी 4 किलो, काणी रोगासाठी बियाण्याला 300 मेश (बारीक भुकटी) गंधक 4 ग्रॅम प्रति किलो, अंतर 45 × 15 सेंटिमीटर. वाण भारी जमिनीत फुले वसुधा, मध्यमला फुले सुचित्रा, हलक्याला फुले अनुराधा. मालदांडी या जुन्या वाणाचा कडबा आणि भाकरी हवी असेल तर मालदांडीच पेरा, त्यात वाद नाही. सप्टेंबरात पेरलेली ज्वारी तीन आठवड्यांची झाली असेल तर फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी याच आठवड्यात. ती तणासाठी कमी आणि भेगा बुजवण्यासाठी जास्त. पाचव्या आठवड्यात अखंड पासेचे, आठव्यात दातेरी कोळपे. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) पेटवू नका, ज्वारीच्या दोन ओळींत पसरा.

दुकानात सध्या ‘ओल धरून ठेवणारे’ दाणे, ह्युमिक, काळ्या बाटलीतले टॉनिक असे बरेच काही समोर ठेवले जाईल. पाणी धरणारे दाणे आधी पाणी पितात, मग देतात. कोरड्या रानात ते काय पिणार? त्या पैशात बैलजोडीच्या किंवा कोळप्याच्या दोन पाळ्या होतात. घ्यायचेच तर पक्की पावती घ्या.

इतर कामे:
- सोयाबीन: सकाळी दव असताना कापा, दुपारी शेंगा तडकतात, बियाण्याची मळणी यंत्राच्या मिनिटाला 400 ते 500 फेऱ्यांवर
- कापूस: एकरी दोन कामगंध सापळे (गंधाने नर पतंग ओढणारे), 20 हिरवी बोंडे फोडून बघा, दोनांत गुलाबी अळी निघाली तर फवारणी
- तूर: कळी लागत असेल आणि विहिरीला पाणी असेल तर एक हलके पाणी
- भाजीपाला, डाळिंब: पाणी संध्याकाळी

बागायती हरभरेवाल्यांनी घाई करू नये, 20 ऑक्टोबरनंतर पेरा. आणि ज्यांची ओल आधीच गेली आहे त्यांनी बी घरातच ठेवावे. विहिरीला एक पाणी असेल तर आधी रान ओलवा, वाफसा आला की पेरा. कोरड्यात पेरून वरून तुषार दिला तर जमीन चिकट होऊन दाबते आणि मर रोग वाढतो. पाणीच नसेल तर खोल ओल लागते का बघून करडई, तीही याच पंधरवड्यात.