पुण्याहून तीर्थनला: सहकुटुंब ट्राउट मासेमारीचा बेत कसा आखावा

पुण्यातील शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि हिमाचलात पावसाळा साधारणपणे जूनच्या अखेरीस पोहोचतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस मुलांसह ट्राउट पकडायला जायचे, तर मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा एवढाच काळ हाती उरतो. ट्राउटला थंड, वाहते आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते, म्हणून मुळशी-पानशेतला तो शोधण्यात अर्थ नाही.

कुटुंबासाठी मी कुलू जिल्ह्यातील तीर्थन नदीच सुचवीन. झेलम एक्सप्रेसने अंबाला गाठावे आणि तेथून मोटारीने औट, बंजारमार्गे गुशैनीला जावे. मत्स्य विभागाच्या परवान्याबद्दल मुक्कामाच्या यजमानांना आधीच कळवून ठेवावे. रॉड, रीळ आणि लहान स्पिनर (पाण्यात फिरणारी, चकाकणारी कृत्रिम आमिषे) पुण्याहूनच न्यावेत. दोरीला गळाऐवजी छोटे वजन बांधून मुलांकडून सोसायटीच्या आवारात फेकीचा सराव करून घ्यावा.

खरी कसोटी लागते ती नदीवर जाण्याची वेळ ठरवताना. ‘पहाटे जा, मासा मिळेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण उन्हाळ्याच्या अखेरीस तो अपुरा आहे, आणि हे पुरते उमगायला मला अनेक उन्हाळे लागले. या दिवसांत वरच्या डोंगरांवरील बर्फ दुपारच्या उन्हाने वेगाने वितळते आणि ते पाणी गढूळ होऊन खाली येते. उगमाजवळ पाण्याची ही वाढ दुपारीच जाणवते, परंतु आपण जितके खाली राहतो तितकी ती उशिरा पोहोचते. म्हणून एखाद्या ठिकाणी नदी रात्री चढते आणि पहाटेही पुरती उतरलेली नसते. तेथे मुलांना अंधारात उठवून नेणे व्यर्थ आहे.

यासाठी पहिल्या दिवशी गळ टाकूच नये. काठावरील एखाद्या मोठ्या दगडावर पाण्याची रेषा खडूने आखावी, आणि संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पहाटे व मग दुपारी ती पुन्हा पाहावी. पाणी सर्वांत खाली असते ते दोन-तीन तास आपले. पाणी नितळ आहे का, हे ठरवायला काठाशी गुडघाभर पाण्यातील खडे स्पष्ट दिसतात का ते पाहणे पुरेसे असते. न दिसल्यास स्पिनर माशालाही दिसत नाही. मुख्य पात्र गढूळ असेल तेव्हा मी स्वच्छ ओढा नदीला मिळतो ती जागा धरतो. गुशैनीला फलाचन ही उपनदी तीर्थनला मिळते, तो संगम आधी पाहून घ्यावा. एवढे निरीक्षण दोन रात्रींच्या सहलीत होत नाही, म्हणून एकाच जागी किमान चार रात्री राहावे आणि याच बेतात मनाली कोंबू नये.

हीच रेषा मुलांचे रक्षणही करते. मासेमारी चालू असताना एका मोठ्या माणसाने गळाला हात न लावता केवळ पाण्यावर लक्ष ठेवावे. खूण केलेला दगड बुडू लागला, पाण्याबरोबर पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरच्या डोंगरावर ढग दाटले, तर मासा गळाला लागलेला असला तरी सर्वांनी तत्काळ वर चढावे. तीर्थन ज्या बियास नदीच्या खोऱ्यात उतरते, तेथे ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात कुटुंबासह उतरू नयेच. तीर्थनवरही मुलांनी काठावरूनच गळ टाकावा आणि मधल्या खडकांवर जाण्याचा हट्ट कोणाचाही पुरवू नये.

उरलेले सोपे आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला थांबतो, म्हणून त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूने, सावली पाण्यावर न पाडता जावे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत आणि त्याला पाण्यातच सोडवून जाऊ द्यावे. मुलांना ट्राउट खायचाच असेल, तर खोऱ्यातील ट्राउट फार्मवरून विकत घ्यावा. नदीतला ट्राउट नदीतच राहिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.