साठीनंतर जर्मन शिकायला जर्मनीला निघालात? या चुका टाळा

पुण्यात मी निवृत्त मंडळींना जर्मन शिकवते. एक-दोन लेव्हल (पहिली ए-वन, दुसरी ए-टू) झाल्या की त्यातले काही जण चार-सहा महिने जर्मनीत राहून शिकायचं ठरवतात. बेत उत्तम. चुका मात्र दरवर्षी त्याच.

मुलाच्या घरी राहून शिकणं. भाडं वाचतं, पोळी-भाजी मिळते, नातू डोळ्यांसमोर राहतो. माझ्या वर्गातले एक काका असेच म्युनिकला गेले. ए-वन इथे चांगल्या मार्कांनी झालेलं, तिथे ए-टूचा इंटेन्सिव्ह कोर्स, सकाळी नऊ ते एक. पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यापासून नातवाला किटातून, म्हणजे तिथल्या पाळणाघर-बालवाडीतून, आणायचं काम त्यांच्याकडे आलं. मग दूध-भाजी, मग घरी येणारी पार्सलं. गृहपाठ रात्री दहाला, पेंगत. रविवारी कुठल्या ना कुठल्या मराठी घरी जेवण. त्यात आजोबांवर खास जबाबदारी होती ती नातवाशी मराठीच बोलायची, म्हणजे पोराची भाषा टिकेल! चार वर्षांचा मुलगा फाडफाड जर्मन बोलतोय आणि जर्मन शिकायला आलेले आजोबा त्याला 'मराठीत सांग' म्हणतायत. मुला-सुनेला मी दोष देणार नाही. घरात मोकळं माणूस दिसलं की कामं त्याच्याकडे जाणारच. काका परीक्षेत बोलण्यातच अडकले.

म्हणून मी सरळ सांगते, दुसऱ्या गावात खोली घ्या. मुलगा म्युनिकला असेल तर तुम्ही न्यूर्नबर्गला राहा. आयसीई या वेगवान रेल्वेने तास-सव्वा तासाचा रस्ता, शनिवारी जा, रविवारी संध्याकाळी परत या. घरमालकीण एकटी राहणारी, निवृत्त आणि बोलकी मिळाली तर थोडं भाडं जास्त पडलं तरी चालेल. खोली न बघता डिपॉझिट पाठवू नका. आणि राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तो द्यायला जो कां-कू करतो, त्याची खोली सोडा.

शून्यापासून सुरुवात करायला तिथे जाणं. 'तिथे गेलं की आपोआप येते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. आपोआप येत नाही. तुम्ही अडखळलात की बेकरीतली मुलगी तिसऱ्या शब्दाला इंग्रजीवर येते, आणि तुम्हीही सुटल्यासारखे इंग्रजीत बोलता. वर्गात बाकीचे विशीतले, नोकरी किंवा युनिव्हर्सिटीसाठी आलेले, त्यांचा वेग वेगळा. आकडे, वार, नामांमागची डेर-डी-दास ही लिंगं हे युरो मोजून कशाला शिकायचं? ते सदाशिव पेठेत बसूनही होतं. माझ्याकडे आता नियम असा की ए-टू संपल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. लोक रागावतात. एका गृहस्थांनी मोबाइलवरच्या अ‍ॅपमधली त्यांची सलग दिवसांची साखळी दाखवली होती. त्यांना मी समोरच्या खुर्चीवर बसवून 'काल काय केलंत' एवढंच जर्मनमध्ये विचारलं.

कान न तपासता जाणं. हे कुणीच सांगत नाही. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, आणि स, फ, त यांसारखी व्यंजनं त्यातच असतात. मराठीत आपण अंदाजाने वाक्य पुरं करतो, परक्या भाषेत अंदाज बांधायला काही नसतं. मग माणूस म्हणतो, 'माझी स्मरणशक्ती गेली.' गेलेली नसते हो! ए-वनच्या श्रवण परीक्षेत एक भाग एकदाच ऐकवतात, तिथे हे उघडं पडतं. निघण्याआधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, गरज असेल तर कानाचं यंत्र बसवून त्याची सवय करा, आणि वर्गात पहिल्या बाकावर बसा. मागच्या बाकाची हौस कॉलेजात फिटली असेलच.

व्हिसाचा शॉर्टकट. 'आधी टुरिस्ट म्हणून जाऊ, मग तिथे वाढवू.' भारतीय पासपोर्टवर हे जमत नाही. टुरिस्टला मिळणाऱ्या शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. त्याहून जास्त राहायचं तर भाषा-कोर्ससाठीचा जर्मनीचा लांब मुदतीचा नॅशनल व्हिसा इथूनच घ्यायचा. त्यासाठी कोर्स आठवड्याला किमान १८ तासांचा लागतो. संध्याकाळचा दोन दिवसांचा वर्ग त्यात बसत नाही. खर्चाची सोय दाखवायला बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीकच रक्कम निघते. सगळे पैसे त्यातच अडकवू नका, पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा ठेवा.

बाकीचं थोडक्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसह न्या, आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला केमिस्ट देईलच असं धरू नका. विम्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, ते सही करण्याआधी वाचा. ओटीपीसाठी इथलं सिम चालू ठेवा. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध आणा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण या सरकारी सोयीवर फोनवरून चेहरा दाखवून देता येतो, पण ते अ‍ॅप निघण्याआधी इथेच एकदा चालवून बघा.