गंगेवरच्या पोरांची शाळा सुटू नये म्हणून

नाशिकला पंचवटीत महापालिकेच्या शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात पुलाखालची, गंगेवरची म्हणजे गोदावरीच्या घाटावरची, पेठ नाक्याजवळ पाल टाकून राहणारी पोरं असायची. आता नव्या शिक्षिका विचारतात, बाई, अशा मुलांसाठी करायचं काय? आधी नाव दाखल करा. बाकीचं नंतर.

आई म्हणेल, कागद नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी कलम ५ प्रमाणे प्रवेश अडवता येत नाही. कुणी ‘आधी आधार आणा’ म्हणालं तर वाद घालत बसू नका. अर्जावर कलम लिहा आणि पोच मागा. तोंडी नकार पटकन येतो, लेखी द्यायची वेळ आली की सूर बदलतो. आणि नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवू नका. कलम ४ प्रमाणे तिला वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं वेगळं शिकवायचं. चिमुरड्यांत बसवलेली मोठी मुलगी फार दिवस येत नाही.

‘कुठं राहतोस?’ हे वर्गात चारचौघांत विचारू नका. चित्रकलेला ‘माझे घर’ हा विषय वर्षानुवर्षं चालत आलाय. मी ‘बुधवारचा बाजार’ द्यायचे. घाटावरच्या पोरांना त्यातलं बाकीच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं! खरी माहिती आईकडून, बाजूला घेऊन काढा: रात्री कुठं झोपता ताई, पाऊस आला की कुठं जाता, काम कुठल्या नाक्यावर मिळतं? तिची हरकत नसेल तर जागा न सोडणाऱ्या एखाद्या चहावाल्याचा किंवा फुलवालीचा नंबर घेऊन ठेवा. तिचा फोन बंद असतो तेव्हा तोच कामाला येतो.

कारण ही कुटुंबं एका रात्रीत उठतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की घाट रिकामा होतो. अतिक्रमणाची गाडी आली तरी तेच, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांत तर हलवाहलव ठरलेलीच. पुस्तकं, वह्या जातात आणि पोरगं लाजेनं शाळेत येत नाही. म्हणून दप्तर शाळेच्या कपाटातच राहू द्या. गणवेशाचा एक जोड, कागदांच्या झेरॉक्सही तिथंच. साबण, कंगवा, टॉवेल ठेवा. घंटेआधी तोंड धुऊन, केस विंचरून पोरगं वर्गात आलं की कुणी त्याच्यापासून सरकून बसत नाही. गृहपाठ शाळा सुटल्यावर तिथंच करून घ्या, पुलाखाली कसला उजेड! पहिल्या तासाला डुलकी लागली तर झोपू द्या. रात्री त्याला कुणी किती वेळा उठवलं असेल, आपल्याला काय माहीत.

मोठी मुलगी गैरहजर असली की बहुतेक वेळा कारण कडेवर असतं. आई मजुरीला गेलेली, धाकट्याला सांभाळायला हीच. तो तीन वर्षांचा झाला असेल तर जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. तिथं खाऊ मिळतो आणि ताई मोकळी होते. त्याहून लहान असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून त्यालाही वर्गात बसू द्या. गोंधळ होतो, पण चालतं.

मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्यांनाही हे स्पष्ट सांगा.

पोर एकटं भटकताना दिसलं, कुणी मारतंय, भीक मागायला किंवा कामाला लावतंय असं वाटलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. पण नुसत्या गरिबीसाठी मुलाला आईपासून तोडायचं नसतं; बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. हे आयांना आधीच सांगा, कारण ‘पोरं उचलून नेतील’ या भीतीनंच त्या आपल्याला टाळतात. बाप वारलेला किंवा सोडून गेलेला असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मुलाच्या सांभाळासाठी पैशाची मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज करायला त्यांच्यासोबत जा.

दिवाळीनंतर द्राक्षांच्या कामाला काही घरं दिंडोरी, निफाडकडे जातात. त्याआधीच विचारा, आणि जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिथली शाळा त्याला बसवून घेईल. पटावरून नाव मात्र काढू नका.